हद्द कायम मोजणी

सव्वीस मीटर चाळीस.
हे कालचं.
आज सकाळी हिरावाडीच्या मैदानावर
जुईली म्हणते, बाबा, सत्तर करा.

पेटीच्या मागच्या भिंतीला, जिथे बांबू जाऊन रुततो,
तिथे मी टेप धरतो.
बांबू म्हणायचं आपलं, आहे फायबरचा;
पुण्याहून जीपच्या टपावर बांधून आणताना
सिन्नरपाशी हवालदाराने थांबवलं होतं :
कसला पाइप, बोअरचा?
मी हो म्हणालो.
टेपचे पहिले दहा सेंटिमीटर तुटलेत.
तेवढे वजा करायचे, दर वेळी.

एकोणतीस वर्षं भूमी अभिलेखात झाली.
दिंडोरी, निफाड, पेठ, पुन्हा निफाड.
आधी साखळी, मग टेप, मग ते उपग्रहाचं यंत्र.
द्राक्षबागेच्या तारेत सदरे फाडून घेतले,
दोन सख्ख्या भावांच्या मध्ये दगड रोवला
आणि दोघांना सांगितलं,
हा हलायचा नाही. हलवाल तर गुन्हा आहे.
भाऊ गेले. दगड आहे.

आणि हिची खूण रोज हलते.
गारठा असला की पेटीकडे सरकते,
म्हसरूळकडचा वारा पाठीत आला की लांब जाते.
परीक्षेच्या दिवसांत पेटीकडे.
नवे बूट : चार बोटं मागे.
एकदा कुणाशी तरी फोनवर भांडून आली,
त्या दिवशी सरळ अर्धा मीटर मागे.
मी कारण विचारलं नाही,
आकडा तेवढा वहीत लिहिला.
धावपट्टीच्या कडेला तिच्या जुन्या चिकटपट्ट्या
अजून आहेत, मळलेल्या, अर्धवट निघालेल्या,
बारा पावलांच्या, दहा पावलांच्या,
पहिली तर माझ्याच हातची, सहा पावलांची.
नुसते फेरफार. सातबारा कधी कोरा नाही.

गांगुर्डे सर मधल्या रेघेपाशी उकिडवे बसतात.
तिथून सहा पावलं उरतात.
ते उडी बघतच नाहीत,
डावा पाय रेघेवर कुठे पडतो, एवढंच.

परवा उडीच्या जागी पाय बरोबर होता,
वरच्या मुठीखाली, ओळंबा सोडावा तसा.
मी खूश. वहीत बरोबरची खूण केली.
सर म्हणाले, खैरनार साहेब, खोडा.
रेघेपाशी दीड वीत मागे होती,
पुढची पावलं ताणून ताणून आलीय.
जागा बरोबर. येणं चुकलं.

आमच्याकडे असा शेरा नसतो.
बिंदू जुळला की फाईल बंद.
माणूस त्या बिंदूवर कसा आला,
पाय ओढत आला की कसा,
याला रकाना नाही.
रात्री झोपताना मला उगाच
निफाडचा तो धाकटा भाऊ आठवला,
हद्द दाखवताना माझ्या मागे मागे चाललेला,
चप्पल हातात घेऊन.

आज दोनदा धावली आणि दोनदा
पेटीत बांबू न टाकताच
गादीच्या कडेने निघून गेली.
सर काही बोलले नाहीत. जुईलीही नाही.
परत चालत येताना ओठांत उलटं मोजत होती,
चौदा, तेरा, बारा,
मला वाटतं, नवाशी कुठेतरी अडत होतं.

मग सत्तर.
मी नेमकं मोजलं, दहा वजा केले,
पांढरी पट्टी लावली, अंगठ्याने दाबली.
ती आली. बांबू उचलला.
पट्टीकडे बघितलं, आणि मी टेप गुंडाळतोय असं समजून
बुटाची टाच हळूच चार बोटं मागे घेतली.

बांध कोरणं म्हणतात याला.
यावरून मी डोकी फुटलेली पाहिलीत.

मी चामरलेण्याच्या डोंगराकडे बघत राहिलो.
पावलं सुरू झाल्याचं ऐकू आलं,
आधी सुटी सुटी, मग लागून.
वही उघडून लिहिलं, सव्वीस सत्तर,
आणि पुढे, नोकरीत कधी न लिहिलेलं,
अंदाजे.

आडवी दांडी राहिली का पडली, सरांना विचारा.
नाही, त्यांनाही नका.
ते रेघ बघत होते.